शब्दचर्चा : ‘मिस्सा’ला मराठीत काय म्हणाल?

सदरकर : आमच्या शेजारच्या काकू दर रविवारी नागपुरातल्या सदर भागातल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये जातात. ‘मिस्साला चालले’ म्हणतात. मी एकदा ‘प्रार्थनेला का?’ विचारलं, तर म्हणाल्या, ‘प्रार्थना तर घरीही करतो रे.’ मग मिस्सा म्हणजे काय?

मोहननगरवाली : काकूंचं बरोबर आहे, भाऊ. मी कॅथोलिक आहे, म्हणून सांगते. मिस्सा म्हणजे आमचा चर्चमधला मुख्य सामूहिक विधी. शब्द मूळचा लॅटिन. ‘पाद्री’सारखाच पोर्तुगीजांबरोबर इकडे आला. लॅटिन उपासनेच्या शेवटी धर्मगुरू ‘इते, मिस्सा एस्त’ म्हणत. जा, निरोप दिला आहे. ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. मला तर आपला ‘पाठवणी’ हाच शब्द सगळ्यात जवळचा वाटतो. मुलगी ओटी भरूनच सासरी निघते ना, तसे आम्ही कम्युनियन, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घेऊन आठवड्याच्या कामाला निघतो.

सदरकर : पण ‘मिस्साबलिदान’ही ऐकलंय. दर रविवारी बळी कोणाचा?

मोहननगरवाली : नवा बळी नसतो जी. ख्रिस्ताने क्रुसावर एकदाच केलेलं अर्पण भाकर आणि द्राक्षारसाच्या रूपात वेदीवर हजर होतं, अशी आमची श्रद्धा. ट्रेंटच्या धर्मसभेने, म्हणजे बिशपांच्या परिषदेने, 1562 मध्ये हे स्पष्ट मांडलं. मिस्साचे हेतू चार : देवाची आराधना, उपकारस्मरण, पापांबद्दल प्रायश्चित्त आणि मागणं. मागणं शेवटी, हे मला फार आवडतं. देवाला आमच्या स्तुतीची गरज नाही, असं मिस्साच्याच एका प्रार्थनेत म्हटलंय. आभार मानावेसे वाटणं हीसुद्धा त्याचीच देणगी.

धंतोलीकर : ‘उपासना’ का नको? ऑल सेंट्स कॅथेड्रलला जाणारे आमचे प्रोटेस्टंट स्नेही तोच शब्द वापरतात.

मोहननगरवाली : सुंदर शब्द आहे, जवळ बसणं. पण त्यात अर्पण येत नाही. ‘याग’मध्ये येतं. ‘भक्ती’ वापरताना मात्र जपावं. आम्ही मारियामातेचा सन्मान करतो, आराधना फक्त देवाची. हा भेद 787 च्या निकेया धर्मसभेने सांगितला, आणि मराठीतली ‘भक्ती’ दोन्ही पोटात घेते.

क्रियापदाचंही बघा. माझी आजी ‘मिस्सा ऐकून आले’ म्हणायची. तिच्या तरुणपणी सगळं लॅटिनमध्ये, लोकांनी ऐकायचंच. 1963 मध्ये व्हॅटिकन धर्मसभेने लोकभाषांना वाट करून दिली, लोकांनी मनापासून सहभागी व्हावं म्हणून. आता वेदीवरून मराठी ऐकू येतं आणि उत्तरं आम्ही देतो. म्हणून मी ‘मिस्सा अर्पण करणे’ लिहीन.