चर्चा: झाडं-प्राणी पोरांना गल्लीवरून शिकवायचे की भावकीवरून?

जांबोटीचा मास्तर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात नववीच्या पोरांना शिवारात नेलं आणि बाभळीची एक, खैराची एक फांदी हातात दिली. म्हटलं, काटे नीट बघा. बाभळीचे लांब, सरळ, पांढुरके, जोडीजोडीनं. पानाच्या बुडाशी जी उपपर्णं असतात, त्यांचेच ते काटे झालेत. खैराचे आखूड, मांजराच्या नखासारखे वाकडे. ते उपपर्णांचे नव्हेत, सालीवरून आलेले. पोरं गप्पच झाली. काटा म्हणजे काटा, असंच सगळे धरून चाललो होतो.

जुन्या पुस्तकांत ही दोन्ही झाडं 'अकेशिया' प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात. डीएनए तपासल्यावर कळलं की तो गट एका घरचा नाहीच. आज बाभूळ व्हॅचेलिया, तर खैर आणि शिकेकाई सेनेगालिया.

माझं म्हणणं असं, की वर्गीकरण पहिल्यापासून भावकीवरून शिकवावं. एका पूर्वजाचे सगळे वंशज एका गटात. त्यातला एकही बाहेर नको, परका एकही आत नको. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं १९५० साली हा नियम नीट मांडला. एका गल्लीत राहणारे सगळे एकमेकांचे भाऊ नसतात, आणि सख्खा भाऊ मुंबईला गेला म्हणून तो भावकीतून उठत नाही. हे आपल्या पोरांना समजावून सांगावं लागतं का?

निपाणीकर
सर, मीही शाळेतच आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. तुमची तळमळ पटते, मत पटत नाही. मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी, सस्तन हे पाच कप्पे पोराला डोळ्यांनी दिसतात. तुमच्या नियमानं 'सरपटणारे' हा गटच मोडतो, कारण पक्षी त्याच वंशातून निघाले. मग मगर ही पालीपेक्षा चिमणीला जवळची, असं सांगायचं. बारा-तेरा वर्षांच्या पोरानं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की नाही? निरीक्षण ही विज्ञानाची पहिली पायरी, आणि तीच आपण काढून घेतोय.

अकेशियाचं म्हणाल तर त्या जुन्या गटात ऑस्ट्रेलियातली झाडंही होती, आणि गट फुटल्यावर नाव एकाच घराकडं राहणार होतं. ते गेलं मतदानावर. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अर्ध्याहून जास्त मतं हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडं देण्याच्या विरोधात होती. पण ते तिकडं द्यायचा समितीचा निर्णय फिरवायला ६० टक्के लागत होती. ज्या काटेरी झाडांवरून हे नाव पडलं, त्यांच्याकडंच ते राहिलं नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

रोपवाटिका
नाव गेल्याचं मलाही वाईट वाटलं, निपाणीकर सर. पण ऑस्ट्रेलियाकडच्या जाती हजाराच्या आसपास. नाव बाभळीकडं ठेवलं असतं तर त्या सगळ्यांची नावं बदलावी लागली असती. मतदान झालं ते नावावर. कोण कुणाचं, हे कुणी हात वर करून ठरवलं नाही.

मी रोपं वाढवते, म्हणून एक सांगते. आपल्याकडं वनखात्यानं जो अकेशिया लावलाय, त्याच्या मोठ्या झाडाला बाभळीसारखं पान दिसत नाही. लांब, कोयत्यासारखं दिसतं. ते खरं पान नव्हेच, चपटा झालेला देठ आहे. पण बी रुजल्यावर पहिली पानं बघा, बाभळीसारखी पिसापिसाची येतात, मग हळूहळू देठ रुंद होत जातो. पिशवीतलं रोप स्वतःच आपलं मूळ घराणं सांगतं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचाच आहे, फक्त कधी आणि कुठं बघायचं ते शिकवायला पाहिजे.

शिवारकर, बेळगुंदी
मी शिकलेला कमी, पण सांगूलालोय ते ऐका. साप चावला की आम्ही विषारी का बिनविषारी एवढंच बघतो. तिथं त्याची भावकी काढत बसणार काय? गाडी काढायची नि दवाखाना गाठायचा. ज्ञान कामाला आलं पाहिजे की.

जांबोटीचा मास्तर
दवाखाना गाठायचा, हे शंभर टक्के खरं, मामा. पण तिथं जी लस टोचतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली असते. आपल्या घाटातला नागराज नावानं नाग, फणाही काढतो, पण नागाच्या प्रजातीतला नाही. त्या लसीचा त्याच्या विषावर भरवसा धरता येत नाही. भावकी माहीत असली तर हे आधी कळतं. २०२४ साली तर नागराज ही एकच जात नसून चार आहेत, असं संशोधकांनी मांडलं. पश्चिम घाटातल्या जातीला नाव दिलं कालिंग. हा आपल्या शेजारच्या कन्नडमधला शब्द!

आणि निपाणीकर सर, मगरीचं हृदय पक्ष्यासारखं चार कप्प्यांचं. पालीचं तसं नाही. हेही निरीक्षणच, फक्त कातडीच्या आतलं.

टिळकवाडी
मी भाषा शिकवते. मराठीत अण्णा, अक्का हे शब्द कन्नडमधून आले, म्हणून मराठी काही द्राविडी ठरत नाही. ती प्राकृतातूनच आली. शेजारानं आलेलं साम्य वेगळं आणि वंशानं आलेलं वेगळं, एवढ्यापुरती मी मास्तरांच्या बाजूनं. पण शेजार तुम्ही अगदीच खालचा धरताय, ते खटकलं. जिवाणू एकमेकांना जनुकं देतात, औषधांना न जुमानण्याचा गुणसुद्धा असाच एका जातीतून दुसऱ्या जातीत जातो. तिथं नुसता वंशवृक्ष पुरत नाही, जाळंही काढावं लागतं. पोरांना भावकी शिकवाल तेव्हा ही देवघेवही शिकवा.

जांबोटीचा मास्तर
ताई, हे मान्य. जिवाणूंचा विचार मी केलाच नव्हता.

निपाणीकर
हृदयाचा मुद्दा चांगला आहे, सर. तरी माझा प्रश्न तिथंच आहे. परीक्षेत 'मगर कोणत्या वर्गातली?' असं विचारलं आणि तुमच्या पोरानं 'पक्ष्यांची नातलग' असं लिहिलं, तर त्याचा गुण कोण देणार?

जांबोटीचा मास्तर
आज तरी कुणी देणार नाही. म्हणून मी दोन्ही लिहायला सांगतो. आधी 'सरीसृप वर्ग', खाली एका ओळीत नातं. गुण पहिल्या ओळीचा मिळतो. दुसरी ओळ मी स्वतः वाचतो.

शिवारकर, बेळगुंदी
सर, आमच्या बांधावर बाभूळ हाय. खैर कुठं मिळंल ते सांगा, रविवारी नातवाला घेऊन येतो. काटे मलाबी बघायचेत.