निळा हायड्रेंजिया गुलाबी झाला, परत निळा होईल का?

बाल्कनीतली_बाग (मुलुंड)
गेल्या वर्षी नर्सरीतून हायड्रेंजिया आणला तेव्हा मस्त गडद निळा होता. फुलं गेल्यावर मोठ्या सिमेंटच्या कुंडीत हलवला, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि बऱ्यापैकी बोनमील (हाडांची पूड) घातलं. यंदा एकच गुच्छ आला आणि तोही चक्क गुलाबी! अधूनमधून टँकरचं पाणी असतं आमच्याकडे. सासूबाई म्हणतायत मातीत गंजलेले खिळे पुर. खरंच फरक पडतो का? मला तो निळाच हवाय हो, खूप जीव लागलाय त्याच्यावर.

मातीवाली_ताई
खिळ्यांनी काही होणार नाही, कारण निळा रंग लोखंडामुळे नाही तर अॅल्युमिनियममुळे येतो. माती आंबट असेल, म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) साधारण 5 ते 5.5, तर मातीतलं अॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळं ते उचलतात, मग फुलं निळी. पीएच 6.5 च्या वर गेला की ते मातीतच अडकून बसतं आणि फुलं गुलाबी, मधल्या पट्ट्यात जांभळट. आता तुझं बघ, सिमेंटच्या कुंडीतून चुना सुटतो, टँकरचं पाणी बहुतेकदा बोअरचं म्हणजे जड, क्षारांचं, या दोन्हींनी पीएच वाढतो, बोनमीलमधला फॉस्फरस अॅल्युमिनियमला धरून ठेवतो आणि नुसत्या कोकोपीटमध्ये मुळात अॅल्युमिनियम नसतंच. त्यामुळे लिंबू नाहीतर व्हिनेगर ओतूनही उपयोग नाही. प्लास्टिकची किंवा मातीची कुंडी घे, मिश्रणात कोकणातली लाल माती घाल, ती मुळातच आंबट असते. बोनमील बंद.

गच्चीवरचा_बोरिवलीकर
ताईंना +1. मी तुरटी वापरतो, किराणावाल्याकडची साधी, तिच्यात अॅल्युमिनियम असतंच. बारीक कुटून अर्धा चमचा 4 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची आणि आधी साध्या पाण्याने माती ओली करून मगच द्यायची, कोरड्या मातीत दिली तर मुळं जळतात. कळ्या धरायच्या आधीपासून दोन-तीन आठवड्यांनी एकदा, बास. जास्त घालण्याचा मोह आवरा, झाड मरेल. पांढरी जात असेल तर मात्र काहीही करा, निळी होणार नाही.

बाल्कनीतली_बाग (मुलुंड)
अरे वा, तुरटी तर घरातच आहे! आत्ताचा गुच्छ पण बदलेल का?

मातीवाली_ताई
नाही गं, उमललेल्याचा रंग बदलणार नाही, पुढच्या बहराला दिसेल. हाच गुच्छ जुना होताना हिरवट पडेल, तेव्हा घाबरू नकोस.

पूर्वेची_गॅलरी
रंगाचं सगळे सांगतायत पण मुंबईत खरी अडचण परत फूल येण्याची आहे. नेहमीच्या जातींना कळी धरायला साधारण सहा आठवडे 18 अंशांच्या खालच्या रात्री लागतात, म्हणून उटी-दार्जिलिंगला तो बहरतो आणि आपल्याकडे रुसतो. तुमच्याकडे एक गुच्छ आला हेच खूप आहे, त्या झाडाला जपा. फूल सुकलं की लगेच छाटा, डिसेंबरात कात्री लावू नका, कारण पुढची फुलं जुन्या फांद्यांवरच येतात. थंडीत रात्री खिडकीच्या सगळ्यात गार बाजूला ठेवा. सकाळचं ऊन द्या, दुपारचं अजिबात नाही. दुपारी पानं मलूल दिसली तर लगेच पाणी ओतू नका, संध्याकाळपर्यंत वाट बघा, माती ओली असेल तर आपोआप सावरतात. घरात मांजर-कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा, पानं खाल्ली तर त्यांना बाधतात.