मदत हवी आहे: उपनगरी स्थानकावर गेट किती धरायची?

उपनगरी स्थानकावर स्वयंचलित तिकीट मशीन आणि गेट बसवण्याचा आराखडा अभ्यासासाठी करतोय. मशीनचं गणित जमलं (एका तिकिटाला 30 सेकंद धरले, म्हणजे मशीनमागे तासाला 120). अडलोय ते गेटांवर.

गर्दीच्या वेळी एका गाडीतून 600 माणसं एकाच जिन्याने बाहेर येतात, असं धरलंय. पुढची गाडी 3 मिनिटांनी. लंडन अंडरग्राउंडच्या नियोजनात वापरतात तो दर घेतला: एका गेटातून मिनिटाला 25 जण. जागा 9 गेटांची, त्यातलं एक व्हीलचेअर आणि सामानासाठी रुंद, ते सावकाशच चालणार. उरलेल्या 8 मधून 600 जण जायला बरोबर 3 मिनिटं! म्हणजे शेवटचा माणूस बाहेर पडतोय तोवर पुढचा लोंढा हजर. आणि आत येणाऱ्यांचा तर मी अजून विचारच केलेला नाही.

जपानसारखी एरवी उघडी राहणारी, तिकीट चुकीचं असेल तरच बंद होणारी गेटंही धरून पाहिली. त्यांचा मिनिटाला 60 चा दर घेतला की कागदावर सगळं सुटतं. पण तो दर हातात कार्ड तयार असणाऱ्यांचा. माझ्याकडे निम्मे लोक क्यूआर तिकीटवाले, गेटापाशी येऊन मोबाईल उघडणारे.

खांबांमुळे रुंदी वाढत नाही, दुसरा जिनाही नाही. वीज गेली किंवा आग लागली तर सगळी गेटं उघडी राहतील हे धरलेलंच आहे.

कुणी प्रत्यक्ष घड्याळ लावून मोजलंय का? कार्ड आणि क्यूआर अशा मिश्र गर्दीत मिनिटाला किती धरावेत? आणि 8 पैकी किती गेटं दोन्ही दिशांना चालणारी ठेवावीत?