एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी ‘एअर बेड आणलाय, आता रात्री कूस बदलायला नको’ असं कुणी म्हणत असेल, तर ते धोक्याचं आहे. ही हवेची गादी अंगावरचा दाब कमी करते, संपवत नाही. रुग्णाला सांभाळायला घरी येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी करून दाखवा: दर २ तासांनी कूस, पण पूर्ण ९० अंशांत नाही, तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंश कलतं ठेवा. दुसरी उशी पोटऱ्यांखाली, टाचा अधांतरी. वर सरकवताना काखेत धरून ओढू नका. कमरेखाली आडवी चादर घालून दोघांनी उचलायचं. ओढल्यावर कातडी गादीला चिकटून राहते, आतलं मांस सरकतं आणि जखम आतून सुरू होते.

अंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा बघा. लाल भाग बोटाने दाबून सोडा. पांढरा पडला नाही तर ती बेडसोअरची (पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी, त्या बाजूवर झोपवणं बंद. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून शेजारच्या भागापेक्षा गरम किंवा कडक लागतंय का ते हाताने पाहा. तिथे तेल चोळणं अजिबात नको, आणि अंगाखाली रबरी रिंगही नको. तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो.