मदत हवी आहे: ०.२ सेकंदाच्या फरकावरून निष्कर्ष काढायचा का?

नववीच्या मुलांकडून लंबकाचा प्रयोग करून घेतला. दोरा १ मीटर, गोळे दोन: एक हलका, एक जड. प्रत्येकाच्या १० आंदोलनांची वेळ तीनदा मोजली. हलक्याची आली २०.१, १९.९, २०.३ सेकंद, जडाची २०.४, २०.२, २०.३. सरासरी २०.१ आणि २०.३. झालं, अर्ध्या वर्गाने वहीत लिहून टाकलं, ‘वस्तुमान वाढलं की लंबक सावकाश हलतो.’

मी म्हटलं, हलक्या गोळ्याच्याच वाचनांत ०.४ सेकंदाची तफावत आहे, मग दोन सरासरींमधल्या ०.२ वर एवढी भिस्त कशी? स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटालाच तेवढा उशीर होतो. त्यावर एक मुलगी म्हणाली, ‘पण सर, सरासरी तर वेगळी आहे ना!’ खरं सांगतो, पटेल असं उत्तर तिथल्या तिथे सुचलं नाही.

घरी येऊन लक्षात आलं, आणखी एक घोळ आहे. लांबी आम्ही गाठीपासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजली होती, मध्यापर्यंत नाही. जड गोळा मोठाही होता, म्हणजे त्याचा लंबक मुळातच थोडा लांब, आणि लांब लंबक सावकाशच हलतो. एकाऐवजी दोन गोष्टी बदलल्या, आणि ही चूक माझीच.

प्रयोग पुन्हा करणारच आहे. पण प्रमाण विचलन (वाचनं सरासरीभोवती किती विखुरली आहेत याचं माप) वगैरे न शिकवता, ‘या वाचनांवरून फरक आहे असं म्हणता येत नाही’ हे या वयाच्या मुलांना कसं पटवता? आणि ‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘फरक नाहीच’ असंही नव्हे, हे त्याच तासात सांगावं की गोंधळ वाढेल?