संबळ, क्लॅरनेट, पेटी, युफोनियम आन् गिटार: ह्याच्यावर जॅझ बसंल का?

उदगीरी_सहातार

राम राम मंडळी. प्रश्न जरा येडपट वाटंल पण पूर्ण वाचा.

आम्ही पाच जण दर रविवारी इथं उदगीरला एका आडत दुकानाच्या गोदामात बसायलोत. मी गिटार. पुण्यात सात वर्षं नोकरी केली, तिथंच जॅझ ऐकायचं याड लागलं, आता घरून काम असल्यामुळं गावाकडंच आहे. दुसरे चाचा, बँड पार्टीत तीस वर्षं क्लॅरनेट वाजवायलेत, लग्नसराई सोडली तर मोकळेच असतात. त्यांच्याच पार्टीतला एक पोरगा युफोनियम वाजवतो, तो पोटाशी धरायचा मोठा बाजा, पार्टीत दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून ह्याच्या गळ्यात पडला म्हणे. पेटीवर अण्णा, भजनी मंडळाचे, गोदाम त्यांचंच. आन् संबळावर माझा शाळेतला दोस्त, गोंधळ्याच्या घरातला, त्याचा हात असा आहे की बास.

आता अडचण. ड्रमसेट नाही, डबल बास (खालचे सूर देणारं माणसाएवढं उभं तंतुवाद्य) नाही, पियानो नाही. वाजवायला लागलो की पहिले दोन मिनिटं लै भारी वाटतं आन् मग सगळा गोपाळकाला होतो. पेटी आन् गिटार एकमेकांवर चढायले, संबळ सुरू झालं की मला माझीच गिटार ऐकू येत नाही, चाचा मधीच लग्नातल्या गाण्याच्या लायनीत घुसतात. पुण्याच्या एका मित्राला रेकॉर्डिंग पाठवलं तर तो म्हणला की हे जॅझ नाहीच, आधी बास आणि ड्रम शोध मग बोलू. उदगीरमधी डबल बास कुठून शोधू? जिल्ह्यात एक तरी असंल का तेच माहीत नाही.

तर असल्या वाद्यांवर कुणी जॅझ वाजवलंय का आजपर्यंत? आन् आमचं नेमकं कुठं चुकायलंय?

पितळी_पुंगी (संभाजीनगर)

अरे तुझ्या मित्राला विचार, पॅरिसमधे १९३४ ला जँगो राइनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांनी जी पंचकडी काढली त्यात ड्रम कुठं होते? तीन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बास. बस. त्यात जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं आगीत भाजून जवळपास निकामी झालेली. अमेरिकेत जिमी जुफ्रीनं १९५८ च्या सुमारास तिघांचं मंडळ केलं त्यात तो स्वतः क्लॅरनेट आणि सॅक्सोफोन, सोबत व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन आणि गिटार, म्हणजे बासही नाही आणि ड्रमही नाही. चिको हॅमिल्टननं १९५५ ला ड्रम ठेवले पण सोबत चेलो आणि बासरी आणली. हेन्री थ्रेडगिलच्या एका मंडळात तर दोन ट्युबा आणि दोन इलेक्ट्रिक गिटार होत्या, आणि त्या माणसाला २०१६ ला संगीताचं पुलित्झर मिळालं. त्यामुळं 'असल्या वाद्यांवर जॅझ होत नाही' हा विषय सोडून दे, बरीच वर्षं झाली तो संपून.

आणि मुळात जॅझची सुरुवात कुठली? न्यू ऑर्लिन्समधल्या बँड पार्ट्यांचा त्यात मोठा वाटा. मिरवणूक, नाच, मयत, सगळीकडं वाजवणारे लोक. बास कोण द्यायचं? ट्युबा. म्हणजे तुझ्या पोरासारखाच कुणीतरी मोठा बाजा धरणारा. आपल्याकडचे बँडही लष्करी बँडच्याच वळणाचे, बाजे मेरठच्या जली कोठीतून येतात एवढाच फरक. तुझ्याकडं अर्धं न्यू ऑर्लिन्स गोदामात बसलंय आणि तू डबल बास शोधायलास.

चाचांचं म्हणशील तर त्यांना अलबेलामधली गाणी येत असतील ना? कुठल्याही बँडवाल्याला येतात. १९५१ चा पिक्चर, संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या पुणतांब्याचे. त्यांच्यासोबत चिक चॉकलेट नावाचा गोव्याचा ट्रंपेटवाला होता, मुंबईच्या हॉटेलात जॅझ वाजवणारा. ताजमधे १९३५ ला लिऑन ॲबी हा अमेरिकी माणूस कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन आला तेव्हापासून मुंबईत ही हवा होती, आणि ती तिथून पिक्चरमधे आणि पिक्चरमधून चाचांच्या क्लॅरनेटमधे आली. ते लग्नाच्या लायनीत घुसतात म्हणतोस, ऐक जरा नीट, त्यातल्या निम्म्या लायनी स्विंगच्या, म्हणजे जॅझच्या झुलत्या चालीच्या, असतील. त्यांना थांबवू नको.

चुकतंय कुठं ते सांगतो. पाचही जण सारखे वाजवायलेत. जागा कोण सोडतो ते ठरवा. बास फक्त युफोनियमची. तीन व्हॉल्व्हचं असेल तर त्याचा साधारण खालचा सूर आणि गिटारची सगळ्यात जाड तार जवळपास एकाच सुराची, डबल बास याच्या एक सप्तक खाली जातो. म्हणजे बास असाही फार खोल नाही, त्यात तू खालच्या सुराच्या दोन जाड तारा खाजवत बसलास तर तो बिचारा दिसणारच नाही. तू बाकीच्या चार बारीक तारांवर राहा. आणि त्या पोराला प्रत्येक मात्रेवर फुंकायला लावू नको, दम लागतो, जुने ट्युबावाले पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवरच द्यायचे. मधे श्वास.

नुसता_श्रोता

पितळीभाऊ, एवढी नावं टाकली म्हणजे झालं का? राग मानू नका पण मला ह्या प्रकाराचा कंटाळा आलाय. दोन मिनिटं संबळ, मग तीन मिनिटं गिटारचा सोलो, मग परत संबळ, शेवटी सगळे मिळून जोरात, आणि लोक टाळ्या वाजवतात. त्याला फ्यूजन म्हणा, जॅझ कशाला म्हणता? दोघं एका मांडवात बसले म्हणून सोयरीक झाली असं होत नाही.

पितळी_पुंगी

हे मात्र बरोबर बोललात. असलं मीही लै ऐकलंय. म्हणून तर म्हणतोय की पाळीपाळीनं आपापलं वाजवायचं नाही, एकच बंदिश घ्यायची आणि तिच्या आत सगळ्यांनी राहायचं. १९६६ ला लंडनमधे जो हॅरियट आणि आपल्या कलकत्त्याचा जॉन मेयर यांनी पाच जॅझवाले आणि पाच हिंदुस्थानी वाजवणारे एकत्र बसवले, त्यात काही ठिकाणी जमलंय आणि काही ठिकाणी शिवण दिसते. त्याच्यापेक्षा मला रुद्रेश महंथप्पाचं तिघांचं मंडळ आवडतं, अल्टो सॅक्सोफोन, गिटार आणि तबला. तबला तिथं शोभेला नाही, ड्रमचं पूर्ण काम करतो.

परभणीची_गज

उदगीरी भाऊ, मी व्हायोलिन वाजवते पण घरी पेटी आहे म्हणून अण्णांच्या बाजूनं बोलते, कारण सगळे पेटीलाच बाहेर काढायला निघतात नेहमी 😄

पेटीचा गोपाळकाला का होतो, तर भजनाच्या सवयीनं अण्णा पूर्ण हातानं सूर भरतात आणि भाता सोडत नाहीत. गायक असेल तर ते बरोबरच आहे, त्याला भरणा लागतो. इथं नाही. अण्णांना सांगा फक्त दोन बोटं. खरंच दोनच.

काळी पाचचा सा धरा. चाचांचं क्लॅरनेट बहुतेक बी फ्लॅटचं असणार, युफोनियमही बी फ्लॅटचंच, म्हणजे काळी पाच हे त्या दोघांचं माहेरच. तुम्हाला गिटारवर सहाव्या पडद्यावर एका बोटानं सगळ्या तारा दाबून धराव्या लागतील, धरा. मग बारा बारचा साधा ब्लूज घ्या, म्हणजे जॅझवाल्यांचा नेहमीचा फेरा, एक बार चार मात्रांचा. पहिले चार बार सा ची कॉर्ड (सा वर उभे केलेले, एकत्र वाजणारे सूर), मग दोन बार म ची, दोन सा ची, एक प ची, एक म ची आणि शेवटचे दोन सा ची. आता अण्णांची दोन बोटं: सा च्या कॉर्डला शुद्ध ग आणि कोमल नी, म्हणजे पांढरी दोन आणि काळी चार. म ची कॉर्ड आली की दोन्ही बोटं अर्धा सूर खाली, काळी एक आणि पांढरी पाच. प ची आली की तिथूनच म्हणजे सा च्या जागेपासून दोन्ही अर्धा सूर वर, काळी दोन आणि पांढरी सहा. संपलं. सा अण्णांनी वाजवायचाच नाही, तो खाली बाजेवाला देतो. ज्यानं कधी कॉर्ड हा शब्द ऐकला नाही त्यालाही हे दहा मिनिटात येतं, माझ्या सासऱ्यांना आलं. आणि भाता तोडून तोडून, टक… टक टक… असा, लांबण लावायचं नाही.

आणखी एक. गिटार मोबाईलच्या ट्यूनरवर लावत असाल तर बंद करा. आपल्या जुन्या पेट्या बऱ्याचदा ट्यूनरला जुळत नाहीत आणि पेटी काही पिळता येत नाही, म्हणून सगळ्यांनी पेटीला मिळवायचं. चाचा क्लॅरनेटचं बॅरल, म्हणजे तोंडाजवळचा तुकडा, थोडं बाहेर ओढून सूर उतरवू शकतात. चढवायचा मात्र अवघड आहे, म्हणजे पेटी चढी असेल तर खरी पंचाईत. आधी ते बघा. थंडीत क्लॅरनेट उतरतं, फुंकून गरम झालं की चढतं, त्यामुळं मिळवायच्या आधी चाचांना पाच मिनिटं वाजवू द्या आणि चहा नंतर.

नुसता_श्रोता

गजताई, हे कामाचं बोललात. माझा विरोध मागे. निम्मा.

काडी_वाकडी (तुळजापूरकडला)

संबळाबद्दल कुणीच बोलंना म्हणून मी बोलतो, आमच्या घरात चार पिढ्या हेच आहे.

भाऊ, संबळ ही मोकळ्यावर वाजायची गोष्ट आहे. रात्रभर अंगणात गोंधळ चालतो, आवाज लांबवर जायला पाहिजे, त्यासाठीच ते केलेलं. ते तुम्ही गोदामात गिटारशेजारी ठेवलं आन् मग म्हणता ऐकू येत नाही. दोस्ताला मागं बसवा, भिंतीकडं तोंड करून नाही, पोत्याकडं तोंड करून. लहान तोंडावर रुमालाची एक घडी टाका. पूर्ण झाकू नका, नाद मरतो, कडेची चार बोटं जागा उघडी ठेवा. काडी हलकी घ्या.

आन् त्याला ड्रमसेटसारखं वाजव असं सांगू नका हात जोडून विनंती. मी असल्या एका कार्यक्रमात होतो, मला म्हणले हाय-हॅट (ड्रमसेटमधली पायानं मिटायची झांज) दे, मी काय देणार. दोस्ताला एवढंच सांगा की केरवा धर, सहा आवर्तनं झाली की एक फेरा पूर्ण. गजताईंच्या बारा बारच्या अठ्ठेचाळीस मात्रा होतात, आठाचा केरवा सहा वेळा, बरोबर जुळतंय. सहाव्या आवर्तनात उठाव घेऊन समेवर येऊ द्या, ते त्याला सांगावं लागणार नाही, ते त्याच्या रक्तात आहे. स्विंग का काय म्हणतात ते मी ऐकून बघितलं, प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन आहेत आन् मधला गाळलाय. हे आमच्याकडं कधीपासून चालतं, फक्त त्याला नाव नव्हतं.

सोलो द्या त्याला. पण आधी नाही, सगळ्यात शेवटी, आन् त्याच्या सोलोत बाजेवाल्यानं एकच सूर धरून ठेवायचा, नाहीतर तो फेरा विसरंल. विसरला तरी लाजायचं काही नाही.

उदगीरी_सहातार

मंडळी, तीन रविवार झाले, सांगायला आलो.

सगळ्यात आधी पेटी. गजताई, तुमचा अंदाज खरा निघाला, अण्णांची पेटी चढीच आहे. चाचांनी बॅरल पूर्ण आत ढकललं तरी केसभर खालीच राहायले. मग अण्णा म्हणले भजनाची दुसरी पेटी देवळात आहे, ती जुनी, तिला कुणी हात लावत नाही. ती आणली, तिचा एक भाता गळतो, पण सूर जुळला! दोन बोटांचं अण्णांना पहिल्या दिवशी पटलंच नाही. मी काय शिकाऊ आहे का म्हणले. मग चाचांनी नुसतं वरून वाजवलं आन् अण्णांनी ती दोन बोटं वर खाली सरकवली तर ते स्वतःच थांबले आन् म्हणले आरं हे तर बोलायलंय. आता उलटं झालंय, भजनातबी दोनच बोटं ठेवायलेत आन् मंडळातले लोक माझ्यावर चिडलेत.

युफोनियमवाला पोरगा एक आन् तीनवर देतो. पहिल्यांदा कुणी त्याला 'तुझ्यावर सगळं उभं आहे' असं म्हणलं म्हणून लै खूष आहे, लग्नातबी बास देतोय म्हणे, नवरदेवाच्या घोड्याला बी कळलं असंल.

मी खालच्या दोन तारा काढूनच टाकल्या. विषयच संपला.

संबळाचं मात्र काडीभाऊ, रुमाल टाकला तर दोस्त रुसला. मग आम्ही रुमाल काढला आन् त्यालाच सोयाबीनच्या थप्पीच्या मागं बसवलं, फक्त डोकं दिसतं. भारी आवाज येतो, सगळा धमाका पोत्यात जिरतो आन् फक्त ठेका बाहेर येतो. त्याच्या सोलोला तो थप्पीवर चढून बसतो. सहा आवर्तनांचं गणित त्याला सांगितलं तर म्हणला मोजायचं कशाला, चाचा श्वास घेतात तिथं फेरा संपतो. आन् खरंच तसंच आहे, मी रेकॉर्डिंग तपासलं.

चाचा मागच्या रविवारी ब्लूजच्या चौथ्या फेऱ्यात सी. रामचंद्रांची एक लाईन अर्धी वाजवून सोडून दिली आन् बाजूनंच दुसरीकडं निघून गेले. पितळीभाऊ, तुम्ही म्हणला होता ना थांबवू नको. मी वाजवायचंच विसरलो, फेरा तसाच गेला.

रेकॉर्डिंग पुण्याच्या मित्राला परत पाठवलंय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

आता नवीन अडचण. सोयाबीनला भाव आला, अण्णा पुढच्या आठवड्यात सगळी थप्पी विकायलेत. गोदाम रिकामं झालं की विहिरीत वाजवल्यासारखं घुमंल. भिंतीला जुन्या गोधड्या टांगायचा विचार आहे, आईकडून चार मिळाल्यात, अजून दहा-बारा लागतील. उदगीर, अहमदपूर, देगलूर भागात कुणाकडं पडून असतील तर सांगा, मी गाडीवर येऊन घेऊन जातो.