आंतरपेशीय की अंतःपेशीय?

खारूताई: इम्युनॉलॉजीवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय, थायमोसिन बीटा-४ हे छोटं पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) पेशीत नेमकं कुठे असतं यावर आहे. 'इंट्रासेल्युलर लोकलायझेशन'ला मी 'आंतरपेशीय स्थान' लिहिलं तर तपासणाऱ्या सरांनी लाल रेघ मारली, म्हणे अंतःपेशीय करा. आंतर म्हणजे आतलं असंच माझ्या डोक्यात, आंतरिक ओढ म्हणतोच की आपण. आणि लोकलायझेशनला नुसतं 'स्थान' पुरेल का?

पंतोजी: सरांचं बरोबर आहे. आंतरजातीय लग्न दोन जातींत होतं, आंतरशालेय स्पर्धा शाळाशाळांत. आतल्यासाठी अंतर् किंवा अंतः. ते निळं अंतर्देशीय पत्र आठवा, देशातल्या देशातच जायचं.

धुऱ्यावरचा: आंतरपीक पण तसंच, कपाशीच्या ओळींमधे तूर. कोळपं चालवतो ती आंतरमशागत.

अमरकोशी: संस्कृतात आन्तर म्हणजे आतलंच हो! 'मधलं' हा अर्थ इंग्रजी इंटर कानाला जुळला म्हणून चिकटला असणार, आणि आता त्यालाच शुद्ध म्हणायचं. ताई, तुमचं मूळ लिहिलेलं राहू द्या.

पंतोजी: मग उद्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून फक्त नागपूरला जायचं का?

पिपेट: लॅबमधे काम केलंय म्हणून मधे पडतो. इथे एका कान्याने अख्खा सिद्धांत फिरतो. १९६६ मधे गोल्डस्टीन आणि व्हाइट यांनी वासराच्या थायमस या छातीतल्या ग्रंथीतून अर्क काढून त्याला थायमोसिन नाव दिलं, तेव्हा हे हार्मोन समजत होते, म्हणजे एका पेशीतून निघून दुसरीला निरोप देणारं, तुमच्या भाषेत आंतरपेशीय. पुढे बीटा-४ थायमसबाहेरही जिकडेतिकडे सापडायला लागलं, आणि १९९१ मधे कळलं की हे ४३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड पेशीच्या आत ॲक्टिन या प्रथिनाचे सुटे रेणू धरून ठेवतं, त्यांचे धागे होऊ देत नाही. मुख्यतः पेशीद्रव्यात असतं, केंद्रकातही दिसतं. त्याला बाहेर पाठवायचा सिग्नलचा तुकडासुद्धा नाही. तेव्हा तुम्ही आंतरपेशीय लिहिलंत तर वाचणारा थेट १९६६ मधे जाऊन पोचतो.

अमरकोशी: पण जखमेच्या द्रवात मिळतं असं वाचलंय, ते बाहेरच झालं ना.

पिपेट: मिळतं, प्लेटलेट्समधे भरपूर असतं, तिथून येतं. म्हणून तर 'स्थान' मला खटकतं, देवस्थानासारखं पक्कं वाटतं. प्रोथायमोसिन अल्फा या दुसऱ्या प्रथिनाचं बघा, थायमोसिन अल्फा-१ म्हणतात तो त्याचाच सुरुवातीचा २८ अमिनो आम्लांचा तुकडा. ते राहतं केंद्रकात, पण पेशी फोडल्या की निसटून द्रवात येतं, मग बघणाऱ्याला वाटतं पेशीद्रव्यातलंच आहे. मी 'वावर' म्हणेन.

धुऱ्यावरचा: आमच्या वऱ्हाडात वावर म्हणजे शेत 😄 पेप्टाइडचं वावर किती एकर?

खारूताई: 😂 वावर चांगला आहे पण शीर्षकात कसा दिसेल? 'पेशीतला वावर' म्हटलं तर आंतर-अंतःची कटकटच जाते.

पंतोजी: जाते खरी, पण परिभाषा म्हणून समास हवा. उद्या त्याचं विशेषण कसं करणार, वावरीय?

चहाबाज: मी पेशीवरच अडकलोय. माझ्या हिंदीवाल्या मित्राला पेशी म्हणजे स्नायू वाटतात, त्यांच्यात सेल म्हणजे कोशिका. आणि थायमसला तुम्ही लोकांनी यौवनलोपी ग्रंथी का नाही लिहिलं? शाळेत होतं की पुस्तकात. आमच्या वर्गातला एकजण हिच्यामुळे यौवन जातं असं उत्तर लिहून आला होता.

अमरकोशी: यौवनात लोप पावते ती, शब्द उत्तम आहे. थायमस हा काय शब्द झाला? ग्रीकांच्या थाइम नावाच्या झुडपावरून म्हणतात. त्यातलं थायमॉल आपल्या ओव्यात असतं, म्हणजे ओवाग्रंथी म्हणायला हरकत नाही.

पिपेट: ओवाग्रंथी 🙏 मग डीएनएमधल्या थायमिनला काय म्हणणार, तेही आधी वासराच्या थायमसमधूनच काढलेलं, नाव त्यावरूनच पडलं.

चहाबाज: थायमिन म्हणजे बी-वन ना? डॉक्टरांनी मला लिहून दिलंय.

पंतोजी: ते थायामिन. परत कानाच.